तीन ठिपक्यांची खूण

मिस्त्री, जीप देऊन टाकायचं म्हणतोय. तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण जीप मुळात तुमची. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि ती बारा वर्षं आळे गावातल्या माझ्या मळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. कधी चाकांवर, बहुतेक वेळा विटांवर. पुण्याचा एक गृहस्थ माळशेजच्या वाटेवर हॉटेल बांधतोय, त्याला दारात शोभेला जुनी मिलिटरीची जीप हवी आहे. इंजिन चालतं का, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. रंग तेवढा विचारला. ज्याला इंजिन नको त्याला जीप कशाला हवी? हा माणूस जीपची कागदपत्रं दुसऱ्याच गाडीला लावेल, चांगली बॉडी तिसऱ्यालाच विकेल, असलं काय काय माझ्या मनात येऊन गेलं. संशय घ्यायला मी तुमच्याकडेच शिकलो ना! तर रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आहे. बायको खूश आहे. "जाऊ द्या एकदाची ती सवत, तिथं कांद्याची बराख बांधू," म्हणते. दर उन्हाळ्यात आमचा कांदा माझ्या भावाच्या बराखीत साठवावा लागतो आणि आमच्या शेडमध्ये ही लोखंडी बया पाय पसरून बसलेली. बायकोचं काही चुकत नाही.

तुमचं गॅरेज फाट्यावर, नगरच्या रस्त्याच्या अंगाला. आयटीआय करून मी तुमच्याकडे आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच दिवशी तुम्ही मला चहा आणायला धाडलंत. मी किटली ठेवली, तुम्ही झाकण उघडून आत बघितलंत आणि म्हणालात, "आर्धा कप कमी हाये. तू पिला, का त्यानं घातलाच न्हाई?" मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. तुम्ही लग्नाला गेलात तर एक चप्पल मांडवाच्या या टोकाला काढायचात आणि दुसरी त्या टोकाला. चोर एकेक चप्पल नेत नाही, म्हणायचात. कलिंगड कापून दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि कापून दाखवलं तरी तेच घ्यायचं, विकणारा दुसरंच पुढे करतो. आम्ही मागे हसायचो. पण फाट्यावरच्या चार गॅरेजांत गिऱ्हाईक गाडी टाकून बिनघोर गावाला जायचं ते फक्त तुमच्याच गॅरेजात, हेही खरं.

आणि ती खूण. कुठलाही पार्ट बाहेर लेथवर किंवा ग्राइंडिंगला जायचा असला, की आधी त्यावर सेंटर पंचचं टोक टेकवून, हातोडीने ठोकून तीन ठिपके मारायचे. नेहमीच्या जागी नाही, आतल्या अंगाला, जिथे मशीनचा दगड लागत नाही आणि दुसऱ्याची नजर जात नाही. चांगला पार्ट ठेवून घेऊन दुसऱ्याचा भुक्कड पार्ट परत देणारे लोक असतात, त्यांच्यासाठी. "आरं, लोखांडाला तोंड नसतंय," तुम्ही म्हणायचात, "आपलं नाव त्याला सांगता येत न्हाई. म्हणून आपणच त्याच्या अंगावं ल्ह्यायचं." एकदा मी एक कार्बोरेटर बिनखुणेचा पाठवला आणि दुसराच परत आला, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत तुम्ही माझी सालटी काढलीत. "डोळं काय उसनं आणल्यात का?" त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तो पंच तुमचा होता, बोटाएवढा, मागून ठोकून ठोकून छत्रीसारखा झालेला. तुम्ही तो कोणाला द्यायचा नाहीत. वापरून झाला की परत मागून घ्यायचात.

त्या पंचावरून माझ्या सासरी आजही हसतात. निमगाव सावाला मुलगी बघायला गेलो, सतरंजीवर बसलो, आणि खिशातून तो खाली पडला. सासऱ्यांनी उचलून विचारलं, "पावणं, ह्यो खिळा कशाला आणला?" तेव्हापासून मी तिकडे खिळेवालं पावणं. लग्नात तुम्हीही ती गोष्ट ऐकलीत. सगळा मांडव हसत होता, तुम्ही नव्हता हसत. जेवणं झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि नव्या रुमालात गुंडाळून तो पंच माझ्या हातात ठेवलात. "आता तूच ठिव. नाय तरी तुझ्याच खिशात ऱ्हातोय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मिस्त्री. कोणाला न देणारा पंच तुम्ही मला दिलात, म्हणून.

जीप तुम्ही लिलावात घेतली होती, गॅरेजच्या मागे झाकून ठेवली होती. हाताला काम नसलं की आपण दोघं तिच्यावर काम करत बसायचो. सगळं इंजिन उघडलं, एकेक पार्ट डिझेलमध्ये धुतला, इंजिनचा मधला दांडा, ती क्रँक, पुण्याला ग्राइंडिंगला गेली, आली, बसवली. माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती पहिल्यांदा चालू झाली. आपण येडगावच्या धरणापर्यंत गेलो. तुम्ही चालवत होता, गाणं गुणगुणत होता, तुम्हाला गाताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. धरणाच्या भिंतीपाशी इंजिन आतून ठोकायला लागलं. बेअरिंग खाल्लं होतं. ट्रॅक्टरला बांधून आणली. "परत बघू," म्हणालात, पण पुढे तुमची छाती भरायला लागली आणि बघणं झालं नाही. तुम्ही गेल्यावर तेराव्याला तुमच्या मुलाने किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, आप्पांनी सांगितलंय, जीप तुला द्यायची.

फुकट कोण काय देतं? तेव्हाच मनात आलं होतं, पण गप्प बसलो. मग पंप-मोटरींची कामं करून उरलेल्या वेळात मी तिच्यामागे लागलो. तीन वेळा इंजिन उघडलं. दर वेळी नवी बेअरिंगं, दर वेळी पाच-सात कोस बरी चालायची आणि मग तेच ठोकणं. मी ऑइल पंप बदलला. बेअरिंगवाला नकली माल देतो म्हणून त्याच्याशी भांडलो. नारायणगावच्या लेथवाल्याशी बोलणं सोडलं, ते आजतागायत. शेजारच्या मळ्यातला गडी रात्रीतून ऑइलमध्ये माती टाकतो असाही मला संशय आला आणि मी शेडला कुलूप लावलं. बायको म्हणाली, "मिस्त्री गेलं आणि तुमच्या अंगात शिरलं." सगळ्यांवर संशय घेतला, एक क्रँक सोडून. ती तुमच्या हातची, म्हणून तिला मी चौकशीत धरलंच नाही. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

या दिवाळीत चौथ्यांदा उघडलं. म्हटलं, आता काही ठेवायचं नाही. क्रँक बाहेर काढून दोरीने टांगली आणि हातोडीने वाजवली. देवळातल्या घंटेसारखी वाजायला हवी, ती फुटक्या माठासारखी वाजली. मग तुम्ही शिकवलं होतं तसं केलं: रॉकेल लावलं, पुसून काढलं, वर खडूची पूड भुरभुरली आणि ठोकलं. खडूवर रॉकेलची एक ओली रेघ उमटली. केसाएवढी चीर, मिस्त्री! बारा वर्षं मी चिरलेल्या क्रँकवर नवी बेअरिंगं घालत होतो. मग मी तीन ठिपके शोधले. ब्लॉकवर होते. हेडवर होते, कॅमवर होते. क्रँकवर नव्हते. म्हणजे ही आपली क्रँकच नव्हे, आणि बसवली कोणी? तुम्ही. तुमच्या हाताने.

डोकं फिरलं माझं. तसाच काळ्या हातांनी सायकल काढली आणि फाट्यावर तुमच्या मुलाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, शेजारचा चहावाला होता. त्या सगळ्यांदेखत बोललो, "तुझ्या बापानं जन्मभर जगाला चोर म्हटलं आणि मला चिरलेली क्रँक गळ्यात मारली. माहीत होतं त्याला. चांगली क्रँक विकून खाल्ली असंल." तुमचा मुलगा भांडेल असं वाटलं होतं. तो नटांची पुडी बांधत होता, ती त्याने पुरी बांधली. मग म्हणाला, "भाऊ, मी आप्पांना म्हणलो व्हतो, जीप घरातच ठिवू. तर ते म्हणलं, न्हाई, त्यालाच दे, तिच्यात त्याचं काम ऱ्हायलंय. लई येळा म्हणलं. मला काय त्यातलं कळत न्हाई." माझं काम राहिलंय, म्हणे! वर मलाच बोल. मी पाय आपटत बाहेर पडलो, आणि त्याच दिवशी हॉटेलवाल्याला फोन करून जीप द्यायला हो म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला सगळं रागारागाने सांगितलं. कधीची क्रँक, कुठे गेली होती, कशी खूण नव्हती. ती कांदे निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "मला बघायला आलात त्याच दिवशी गेली ना ती पुण्याला? संध्याकाळी टेम्पो जायचाय, त्याच्या आत फाट्यावर पोचायचंय, म्हणून तुम्ही पोहे अर्धे टाकून उठलात. माझी आई आठ दिवस म्हणत होती, पोरगं खारट पोह्यांना कंटाळलं." मग हात थांबवून म्हणाली, "अहो, पण खूण मारायचा तो खिळा तर आमच्या सतरंजीवर पडला होता."

मी तिथेच ओट्यावर बसलो. आठवत नव्हतं असं नाही, मिस्त्री. त्या बाजूला मी बघतच नव्हतो. त्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणाला होता, खूण मार आणि पोत्यात बांधून ठेव. मला निघायची घाई, नवा शर्ट घातलेला. मी आधी पोतं बांधलं, सुतळी आवळली, आणि मग आठवलं. परत कोण सोडतंय? संध्याकाळी येऊन मारू, म्हणून पंच खिशात टाकला. निमगावहून गाडी उशिरा मिळाली आणि टेम्पो त्या दिवशी लवकर आला. पोतं तुम्हीच उचलून दिलं होतंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मारली व्हती ना?" मी म्हणालो, "मारली." त्या कार्बोरेटरच्या शिव्या अजून ताज्या होत्या. क्रँक परत आली तेव्हा तुम्ही तिच्या आतल्या अंगाला अंगठा फिरवलात. एकदा, परत एकदा. "दिसंना रं." मी म्हणालो, "घासण्यात गेली असंल." तिथे दगड लागत नाही हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किटलीत बघायचात तसं नव्हे. मग म्हणालात, "तू म्हणतो तर गेली आसंल," आणि पाना मागितलात.

चपला दोन टोकांना ठेवणारा माणूस! जन्मात एकदा दुसऱ्याच्या शब्दावर गेलात, आणि नेमके माझ्या. तीन आठवड्यांनी माझ्या लग्नाच्या मांडवात तुम्हाला कळलं असणार तो पंच कुठे होता ते. तरी तुम्ही मला रुमालात गुंडाळून काय दिलंत, आणि मुलाला काय सांगून ठेवलंत, हे आता मला कळतंय, आणि लाज वाटते. मी बारा वर्षं लेथवाल्याला, बेअरिंगवाल्याला, शेजारच्या गड्याला चोर ठरवत हिंडलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पत्राच्या सुरुवातीला जीप देऊन टाकतोय म्हणालो होतो, ते आता राहिलं; हॉटेलवाल्याला काल फोन करून नको म्हणालो. बायको बोलत नाही, कांद्याची बराख शेडच्या बाहेर बांधून देतो म्हटलं तरी बोलत नाही. पुण्याहून जुनी पण धड क्रँक मिळवली आहे. टांगून वाजवली, स्वच्छ वाजली. ग्राइंडिंगला जायच्या आधी तिच्यावर तुमच्या पंचने तीन ठिपके मारले, आतल्या अंगाला. तिसरा ठिपका जरा वाकडा गेलाय. मनात आलं, जीप चालू करायची आणि तीच घेऊन तुमच्या मुलाच्या दुकानापुढे जायचं, म्हणजे सांगणं शोभेल. मग माझाच मला संशय आला. जीप चालू व्हायला अजून वर्ष जाईल, दोन जातील, आणि तेवढे दिवस मला त्याला काही सांगावं लागणार नाही. ओळखतो मी ही लबाडी. सुतळी आवळलेल्या पोत्यासारखीच आहे.

तेव्हा सायकलनेच जायला हवं. आळ्यातून फाटा वीस मिनिटांवर आहे, आणि गिऱ्हाइकं असतानाच जायला हवं, कारण बोललो होतो तेही गिऱ्हाइकांदेखत. हे पत्र कुठे टाकणार? जीपच्या टूलबॉक्समध्ये पंचाशेजारी ठेवतो. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, मिस्त्री, तुम्ही आता अंगठा फिरवून बघत नाही. खूण मी मारली नव्हती. हे चार शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. आणि या तीन दिवसांत तुमच्या मुलाच्या दुकानावरून मी पाच वेळा गेलो आहे, दर वेळी मान खाली घालून, सायकल न थांबवता.