फरशांखालच्या ओळी

चि. हिद्दे यास अनेक आशीर्वाद.

मी, वीबे हाइत्स्मा, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि तुझा थोरला भाऊ, हे पत्र केवळ चुलीमागच्या भिंतीविषयी लिहीत आहे. तुझी कंबर कशी आहे? मी ठीक. आईचा खुबा जुळला असून ती शनिवारी शुश्रूषागृहातून घरी येईल. तत्पूर्वी ती भिंत पूर्ववत झाली पाहिजे.

भिंत ओलीने फुगली, म्हणून वीस कारागिरांची चित्रे असलेल्या निळ्या फरशा आणि त्यांखालच्या मरणाची आठवण देणाऱ्या ओळींच्या पट्ट्या उतरवाव्या लागल्या. (जेवणाआधी आई त्या आपल्याकडून म्हणवून घेत असे. मेणबत्तीवाल्याच्या ओळीपाशी तू रडत उठून जायचास आणि तुझे वाटाण्याचे सूप मी पिऊन टाकी, हे आज मान्य करतो.) चित्र आणि ओळ यांच्या जोड्या चुकू नयेत म्हणून मी प्रत्येकीच्या पाठीला चिकटलेल्या जुन्या चुन्यावर सुबक क्रमांक घातले. गवंडी ऊने याने रीतीप्रमाणे फरशा दोन दिवस पाण्यात बुडवल्या आणि चुना खरवडला, क्रमांकांसह.

"अहो साहेब, जो चुना काढायचा त्यावरच लिहिलंत? एवढं शिकून?"

मग तर्क सुरू झाला. 'तुझे माप आधीच घेतले आहे' ही ओळ शिंप्याला बसते, चांभाराला बसते, सुताराला तर फारच बसते. 'ऊब गेली की काय उरते?' यावर पाव भाजणारा भटारी, लोहार आणि मेणबत्तीवाला सारखाच हक्क सांगतात. अखेर ऊने वैतागला. "कुठलीही लावा हो, मरायचं सगळ्यांनाच!" आपल्या पूर्वजांनी वीस धंद्यांतून एकच धडा काढला, ही गैरसोय मला प्रथमच जाणवली.

जोड्या तुला पाठ आहेत. कृपया उलट टपाली कळवाव्यात.

तुझा,
वीबे

ता. क. पत्र टपालात पडण्याआधीच ऊनेने अंदाजाने फरशा बसवून टाकल्या आणि आई गुरुवारीच आली. चष्मा लावून तिने सबंध भिंत वाचली आणि खुबा धरून हसत सुटली. "वीब्या, लोहाराला शिंप्याची ओळ? राहू दे, छान दिसतेय." तेव्हा जोड्या कळवू नकोस.

ता. क. २. नंतर तिने विचारले, "चार वर्षं झाली, हिद्दे का येत नाही रे?" बाबांच्या अंत्यविधीस तू बारा मिनिटे उशिरा आलास, तेव्हा मी सर्वांदेखत मनगटावरचे घड्याळ तुझ्या डोळ्यांपुढे धरले होते. ते माझे चुकले. ये. कितीही वाजता ये.

वीबे हाइत्स्मा
हार्लिंगन, १८ मार्च १९९४