यादीतलं पहिलं नाव

ती. ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला पट्टी आहे, भाताचं पातेलं उतरवताना भाजला, तरी जोडला आहे). तुमचे गुडघे आता कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला थांबला का? आणि तुमच्याकडची पाहुणी, म्हणजे तुमची धाकटी, नीट जेवते का? हा तिसरा प्रश्न सहज विचारला असं समजू नका. खरं तर पहिले दोन त्याच्याचसाठी विचारले, क्षमा असावी.

तिने तुम्हाला काय सांगितलं आहे ते मला माहीत नाही (काहीच सांगितलं नसेल तर ते जास्त वाईट). म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. लढाई सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, ती आपली सीमेवर चालेल, आपल्याला फार तर वर्तमानपत्र महाग होईल. पण सहा महिन्यांत ती साखरेच्या डब्यात शिरली, मग सुयांच्या पुडीत, मग आमच्या छत्र्यांच्या कारखान्यात. छत्रीच्या काड्यांचं पोलाद तोफांकडे गेलं आणि सरकारचा माणूस येऊन मालकांना सांगून गेला, उद्यापासून पॅराशूट शिवा. मालक म्हणाले, छत्री ती छत्रीच, हिच्याखाली माणूस लटकतो एवढंच. आमचे निम्मे कारागीर भरती झाले. मला सपाट पायांमुळे परत पाठवलं (कारखान्याला माझी गरज आहे म्हणून ठेवून घेतलं, असं मी सगळीकडे सांगितलं, तुम्हालाही तेच कळवलं होतं, ते खोटं होतं) आणि फोरमन केलं, कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

रिकाम्या यंत्रांवर बायका आल्या. पंधरा दिवसांपुरती म्हणून तुमची धाकटीही आली. तिला मीच बोलावलं होतं, वाटलं, दुपारी जेवण तरी गरम मिळेल. तिसऱ्या महिन्यात ती तपासणीस झाली. कापडाचा एकेक पट्टा खिडकीशी धरायची, शिवणीवरून अंगठा फिरवायची आणि सगळं मनासारखं असलं तर पॅराशूटच्या पिशवीत आपल्या नंबराची चिठ्ठी घालायची. तिचा नंबर सतरा. मनासारखं नसलं तर ब्लेडने शिवण उसवायची, मग ती कोणाची का असेना. एकदा निकड होती म्हणून मी स्वतः यंत्रावर बसलो आणि चार पट्टे शिवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साठ बायकांसमोर तिने चारही उसवले आणि म्हणाली, "साहेब, टाके लांब पडतात." (घरी ती मला साहेब कधी म्हणाली नाही, तिथेही नसती म्हणाली तर बरं झालं असतं.) सगळ्या हसल्या, मीही हसलो, पण ते हसू माझ्या घशाखाली उतरलं नाही.

घरातही उलटापालट झाली. तिची शिफ्ट उशिरा सुटायची, म्हणून रेशनच्या रांगेत मी. रांगेतल्या बायकांनी मला भात शिकवला, साबणाचे उरलेले तुकडे जोडून नवी वडी करायला शिकवलं, झिजलेला कोट उलटा करून शिवायला शिकवलं, आणि फोरमन घरी कांदा चिरतो ही बातमीही त्यांनीच पसरवली. तिने पहिल्या पगारातून चष्मा घेतला. आठ वर्षं ती अंदाजाने सुईत दोरा ओवत होती आणि मला ते ठाऊकच नव्हतं. हे लिहितानासुद्धा मान खाली जाते.

मग लढाई संपली. भोंगा तासभर वाजला, आम्ही सगळे रस्त्यावर नाचलो, मी माझ्या सपाट पायांनी नाचलो. आठवड्याने मालकांनी बोलावून सांगितलं, माणसं परत येताहेत, बारा बायका कमी करायच्या, नावं लिहून आणा. वरचा हुकूम, ताई, माझं काय चालणार? फोरमनने स्वतःच्या बायकोला वाचवलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी तिचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. वाटलं, लोक म्हणतील, काय हा निःस्पृह माणूस! एकाही माणसाने म्हटलं नाही. यादी फलकावर लावली आणि मी कोठारात काड्या मोजायला गेलो (काड्या अजून यायच्याच होत्या). फलकावरचा कागद सगळ्यांना वाचून दाखवायचं काम तीन वर्षं तिचंच होतं, हे मी विसरलो. भिंतीआडून ऐकलं. तिने आपलं नाव वाचलं, थांबली नाही, उरलेली अकरा त्याच आवाजात वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक शब्दही न बोलता पिशवी उचलून ती तुमच्याकडे निघाली.

चूक झाली, ताई. मला माझी लाज वाटते. तुम्ही मोठ्या आहात, हवं तेवढं सुनावा, पण तिला परत पाठवा. घर खायला उठतं, आणि मी रांधलेलं मला खाववत नाही.

तुमचा अपराधी,
धाकटीचा नवरा

ता. क. कारखाना पुन्हा छत्र्यांवर आला आहे. परत आलेले कारागीर शिवण विसरले आहेत, पहिल्या खेपेतल्या निम्म्या छत्र्या गळतात म्हणून माघारी आल्या. मालक म्हणतात, तपासणीसबाईंना आणा, नाहीतर तुम्हीही घरी बसा. तिला शनिवारच्या गाडीने पाठवता येईल का? (पत्र खरं तर याच्याचसाठी लिहायला घेतलं होतं.)

आणखी एक ता. क. वरचं फाडून टाकावंसं वाटतंय, पण दुसरा कागद मिळत नाही. दोन गोष्टी खोट्या लिहिल्या आहेत. मालकांनी सांगितलं होतं, तुमच्या मंडळींना सोडून कोणतीही बारा नावं आणा. तिचं नाव मी माझ्या मनाने घातलं, त्या उसवलेल्या चार पट्ट्यांच्या रागाने. आणि ती न बोलता गेली नाही. दारात थांबून तिने विचारलं, "माझ्या नंबराचं एखादं पॅराशूट उघडलं नाही का हो? कोणी गेलं का? म्हणून माझं नाव पहिलं?" मी खाली बघत चपला शोधत राहिलो. नाही म्हटलं असतं, तर मग का, ते सांगावं लागलं असतं. ताई, सतरा नंबरची एकही तक्रार आलेली नाही. तिची सगळी उघडली, असं लष्कराचं पत्र महिनाभर माझ्या खणात पडून आहे. ते सोबत ठेवलं आहे. शनिवारच्या गाडीचं राहू द्या. ते पत्र आधी तिच्या हातात द्या. माझं हे पत्र तुम्ही आधी वाचलं असेल, तर तेवढा उशीरही माझ्यामुळेच झाला.