डब्याला वाचा फुटली

प्रिय लेइतांगीताई,

फोनचा मनोरा ज्वालामुखीच्या राखेच्या ओझ्यानं वाकला, तेव्हापासून तुझा आवाज ऐकलेला नाही. सकाळच्या रेडिओवर निरोप देता आला असता, पण तो सगळी बंदरं कान लावून ऐकतात, आणि मला जे सांगायचंय ते बंदरांसाठी नाही. म्हणून शाळेच्या ओसरीवर बसून लिहितेय. कागदावर राख पडत राहते. फुंकर मारते आणि पुढे लिहिते. अक्षर किरटं आलं तर बोलू नकोस.

बाबा बरे आहेत. खोकतात, पण इथे खोकत नाही असं कोण आहे? उतारावरची त्यांची सुरणाची बाग आंबट पावसानं करपली, पानं जाळीसारखी झाली. तरी रोज जाऊन कंद चाचपून येतात. टाकीतलं पाणी जिभेला झोंबतं. कोंबड्या भर दुपारी झाडावर जाऊन बसतात. माझ्या रुतीला त्याची गंमत वाटते, ती त्यांना उठवायला धावते. उंच झालीय, तुझ्या जुन्या झग्यात आता अगदी बरोबर बसते. तिचे बाबा समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत, त्यानंतर बरेच दिवस ती किनाऱ्याकडे पाठ करून बसायची. अलीकडे पोहायलाही शिकली होती. सध्या पाण्यात जायला आम्ही कोणालाच देत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहेच: डोंगराचे हादरे मोजायचे. जुना डबा गंजून मेला. ऑफिसनं नवा बोर्ड पाठवला, तळहाताएवढा उघडा संगणकच म्हण, त्याला चालवणारं लिनक्स आधीच चढवलेलं. जमिनीत पुरलेल्या यंत्राकडून हादरे घ्यायचे आणि इथरनेटच्या वायरीतून खांबावरच्या रेडिओला द्यायचे, की तो ते राजधानीत, पोर्ट विलाच्या ऑफिसात पोचवतो. बोर्ड पहिल्याच दमात सुरू झाला, लॅपटॉपवर ओळी भराभर धावल्या, मी खूश. पण नेटवर्क नाही. वायर खोचायच्या जागी जो हिरवा दिवा असतो तो लागेचना. वायर बदलली, तिची टोकं कापून पुन्हा दाबून बसवली, जोडणीचा पत्ता हातानं घालून पाहिला. पडद्यावर दर वेळी तीच ओळ, की नेटवर्कची चिप सापडत नाही. आणि चिप तर माझ्या डोळ्यांसमोर, बोर्डावर बसलेली.

बाबा उकडलेले टारोचे कंद घेऊन डब्याच्या खोपटाशी यायचे आणि दारातूनच विचारायचे, “काय गं, तुझ्या डब्याला वाचा फुटली का? डोंगर एवढा घसा फाडतोय आणि हा आपला मुका.” मी हसण्यावारी न्यायचे. मग शाळेतले कालतोई गुरुजी एक दिवस झऱ्यावर हात धुवायला वाकले आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाणी कढत आहे, लेइमास. हे विलाला कळायला हवं.” रेडिओवरून मी ते कळवलं. तिकडून म्हणाले, झऱ्यावरून आम्ही जहाज हलवू शकत नाही, आम्हाला हादऱ्यांच्या रेषा द्या. त्यांचंही चूक नव्हतं. मागे एकदा उगाच बेट रिकामं केलं होतं, आणि लोक परत आले तेव्हा डुकरं रानात पळालेली, बागा उजाड झालेल्या. पुन्हा नुसत्या सांगण्यावरून कोणी उठणार नव्हतं.

शेवटी मी चिपच्या बारीक पायांना मीटर टेकवला. वीज मिळत होती. पण तिला जागं करणाऱ्या पायावर काहीच नाही. म्हणजे चिप धडधाकट होती, तिला नुसतं झोपवून ठेवलेलं होतं. बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्सला सांगणारी एक फाईल असते. ती निघाली आधीच्या बोर्डाची. नव्या बोर्डावर जागं करायची तार दुसरीकडे नेलेली, आणि लिनक्स बिचारं रिकाम्या खाटेला हलवून उठवत होतं. मी ती ओळ बदलली, फाईल पुन्हा तयार करून बोर्डाच्या मेमरी कार्डावर घातली आणि वीज जोडली. हिरवा दिवा लागला. शेजारचा पिवळा लुकलुकायला लागला. विलाच्या संगणकाला हाक घातली, तर ओ आली. ताई, मी एकटीच त्या खोपटात टाळ्या वाजवल्या.

आनंद टाळ्यांपुरताच. बोर्ड मुका होता, बहिरा नव्हता. इतके दिवस ऐकलेलं सगळं त्यानं आपल्या कार्डावर साठवलं होतं. ते एका दमात निघालं आणि माझ्याही पडद्यावर उमटत गेलं. आधी सुटेसुटे हादरे, मग जवळजवळ आलेले, आणि अलीकडे तर मध्ये फटच नाही, नुसती अखंड थरथर. खोलातून वर सरकत आलेली. तीही शिखराकडे नाही, समुद्राच्या बाजूच्या उताराखाली, म्हणजे डोंगर त्या अंगानं फुटायच्या बेतात. विलाहून रेडिओवर ऑफिसच्या बाई बोलल्या, एरवी आधी हवापाणी विचारतात, या वेळी नाही. म्हणाल्या, “माणसं धक्क्यावर आण. जहाज निघतंय.”

या वेळी लोक उठले. गुरुजींनी पडद्यावरची रेषा गावच्या प्रमुखांना दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि जाऊन सगळ्यांना गोळा करायचा शंख फुंकला. डोंगरापलीकडच्या गावांतली माणसं अजून वाटेत आहेत, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन चालताहेत. त्यांच्यासाठी जहाजाला पुन्हा यावं लागणार. कप्तानानं स्पष्ट सांगितलंय, विलाला रेषा दिसत असेल तरच बेटाजवळ येईन, आंधळ्यासारखा येणार नाही. आणि ती रेषा आपोआप दिसत राहत नाही गं. सौरपट्ट्यांवर राख साचली की वीज कमी पडते, बोर्ड आपला आपण पुन्हा सुरू होतो, आणि तसा सुरू झाला की ती चिप कधीकधी उठतच नाही. हे मात्र मला अजून सुधारता आलेलं नाही. मग वीज पूर्ण तोडायची, जरा थांबायचं, पुन्हा जोडायची. आणि पट्ट्या झाडत राहायच्या. गुरुजींनी विचारलं, तुझ्याऐवजी मी थांबू का? त्यांच्या पदरात तान्हं मूल आहे. मी त्यांना जहाजाकडे जाणाऱ्या पहिल्याच नावेत बसवलं.

बाबा उठायला तयार नव्हते. “माझी नाळ इथे पुरलीय, मी कुठे जाऊ?” मी म्हटलं, तुम्ही नाही चढलात तर रुती चढणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तू चढणार नाहीस,” ते म्हणाले. मी मान डोलावली. त्यांनी सुरणाच्या बेण्याची पिशवी खांद्याला लावली आणि रुतीचा हात धरला. रुतीला वाटतंय मी सामान घेऊन मागून येतेय. हे पत्र बाबांच्या खिशात असेल, ती झोपल्यावर वाच. पुढच्या फेरीला सगळे चढले की मीही येणार आहे, तसं मी ठरवलंय. पण ताई, त्या फेरीत मी नसले, तर पोर तुझी. तिला तुझ्याजवळच्या शाळेत घाल. तिनं विचारलं तर खोटं सांगू नकोस, मी आज सांगितलं तेवढं पुरे. रडली तर रडू दे. पपई खात नाही, बळजबरी करू नकोस. आणि झोपताना तिला कुणाचातरी कान धरायला लागतो, त्याशिवाय डोळा लागत नाही. पहिले काही दिवस तुझा कान दे.

तुझीच,
लेइमास