पाशाचा तुरा

१२ जानेवारी
पाशाच्या तुऱ्याची टोकं काळी पडली! अख्ख्या शावशात गावात असा ऐटबाज कोंबडा नाही, आणि आज कोपऱ्यात मान पाडून उभा. हाजेर वन्सं म्हणाल्या, "गार वारा शिरतोय, नेझाहत." आणि खुराड्याच्या छपराखालची सगळी भोकं त्यांनी चिंध्यांनी बुजवली. हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच – मी आणि माझी बिनलग्नाची नणंद. शेवटचा शब्द नणंदेचा!

१३ जानेवारी
खुराड्यात शिरले तर छताला आतून थेंब! भुसा ओला, वासानं डोळे चुरचुरले. एवढ्या कोंबड्यांच्या श्वासाची वाफ जाणार कुठे? नुसती थंडी त्या सोसतात, ही ओल तुरा खाते. गुपचूप चिंध्या काढल्या.

१४ जानेवारी
चिंध्या परत जागेवर!!

१६ जानेवारी
कडाक्याचं भांडण. "माझ्या कोंबड्या मारायला उठलीस का गं?" – "तुम्ही त्यांना वाफेच्या हमामात कोंडताय, वन्सं! ओल्या केसांनी जा बघू बर्फात!"
दारात कोणीतरी खो खो हसलं. वरच्या आळीतले सेलामी, मधमाश्या पाळतात, बायको मागेच वारली. पाशाला बघायला आले होते म्हणे. वन्सं त्याचा तुरा शेगडीवर शेकणार होत्या, सेलामींनी अडवलं. "शेकू नका, चोळू नका, हाजेरहानम. फक्त कोरडा ठेवा. आणि नेझाहतहानमचं ऐका."
वन्संनी ऐकलं! माझं नव्हे, त्यांचं.

१९ जानेवारी
तह झाला. वरची भोकं उघडी, खालच्या फटी बंद, म्हणजे वारा अंगावर नाही. पाण्याचं भांडं संध्याकाळी बाहेर. भुसा रोज कोरडा. सेलामींनी बारीक दांडीऐवजी रुंद फळी ठोकून दिली – कोंबड्या आता पायाची बोटं पोटाखाली घेऊन बसतात. वन्सं तुऱ्याला व्हॅसलीन लावताना पाशाशी काय लाडं लाडं बोलतात! माझ्याशी इतक्या वर्षांत नाही बोलल्या.

२३ जानेवारी
हाडं गोठवणारी थंडी. छत कोरडं ठणठणीत!

२९ जानेवारी
पाशा आरवला! दम संपेपर्यंत, लांबलचक. काळी टोकं गळतील, गळू देत. वन्संनी डोळे पुसले. सेलामी आजही हजर. "कोंबडा बरा झाला की हो, आता कशाला तंगडतोड?" मी म्हटलं. ते कानापर्यंत लाल. चुलीवर वन्संची मक्याची भाकरी जळली.

४ फेब्रुवारी
सेलामींनी वन्संना मागणी घातली. वन्सं हो म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात माझ्या गळ्यात पडल्या – "तुला एकटीला टाकून कशी गं जाऊ?"
"जा," म्हटलं. आणि खुराड्यातलं पाण्याचं भांडं बाहेर काढायला गेले.