पॉलिशवरची तीन बोटं

शुक्रवार पेठ, सोलापूर
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय अण्णा,

शरणार्थ. इकडे सगळे बरे आहेत. अव्वाचा गुडघा दुखतो, तरी दसऱ्याला सोनं द्यायला सगळी गल्ली फिरून आली. दुकानात उडदाची आवक सुरू झाल्यामुळे आप्पा सकाळीच जातात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं माझं काम चालू आहे. रविवारी गल्लीतल्या मुलींना मी घरी विज्ञान शिकवते. परवा त्यांनी लिंबाच्या रसाने अक्षरं लिहून कागद दिव्यावर धरला आणि गौरम्माकाकूंच्या पडद्याला भोक पाडलं. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.

वसुबारसेला गिटार न्यायला येतोस आणि दारातूनच परत जाणार, हा तुझा मेसेज मिळाला. गिटार नीट आहे. मेसेजला पत्राने उत्तर का, असं तुला वाटेल. फोनवर आप्पांचं नाव निघालं की तू ‘ठेवतो’ म्हणतोस. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील.

एक विचारायचं होतं. तिच्यावरचं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचंच आहे ना? तू जुनी घेतलीस तेव्हा त्या माणसाने तसं सांगितल्याचं आठवतं. सहज विचारते. पुढच्या बाजूला, भोकाच्या खाली, थोडा डाग दिसतो. दमट हवेनेही असं होतं म्हणतात.

८ ऑक्टोबर

वरचा कागद पाकिटात घातला होता, परत काढला. मी सहज विचारलं नव्हतं आणि दमट हवेने काही झालेलं नाही.

आधी सगळं सांगते, मग रागाव. लाकडाला काही झालेलं नाही. तारा छेडून पाहिल्या, आवाज तोच आहे. बिघडलंय ते वरचं पॉलिश. वाटीच्या बुडाएवढा एक गोल डाग होता, कडेला तपकिरी आणि आत दुधासारखा पांढरट. त्याच्या वर तीन आडवे पट्टे, तिथली चकाकी गेलेली.

दुरुस्ती मीच करते आहे. कुणाकडे द्यायचा धीर झाला नाही. आधी मागच्या बाजूला, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या खुंटीजवळ, स्पिरिटचा थेंब लावून पाहिला. पॉलिश चिकट झालं, म्हणजे चपडाच. मग आप्पांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून पुरचुंडी केली, स्पिरिटने जेमतेम ओलसर केली आणि पांढऱ्या भागावरून उडती फिरवली. हात जरा थांबला तरी पॉलिश उचकटतं. पांढरेपणा आरशावरचा श्वास विरावा तसा गेला. तपकिरी कडा हलकीच खरवडली आणि तिथे चपड्याचे पातळ थर देते आहे. एक वाळला की दुसरा. आता मुद्दाम शोधल्याशिवाय ती दिसत नाही.

हे सगळं तुझ्या नकळत संपवायचं असं ठरवलं होतं. कारण तुझ्या डोक्यात पहिल्यांदा काय येईल ते मला माहीत आहे. गिटारवरून भांडून तू घर सोडलंस त्या दिवशी आप्पा म्हणाले होते, हे लाकूड एक दिवस बंबात घालतो. आणि आता तिच्यावर भाजल्याचा डाग. तू दारातच पाहशील, काही विचारणार नाहीस, गिटार उचलशील आणि पुन्हा येणार नाहीस. मला दुसरं काही सुचत नाही, जेवताना सुद्धा हेच दिसतं.

डाग आप्पांच्याच हातून पडला, अण्णा. पण कसा पडला ते वाच.

खंडेनवमीला आपल्या पाटावर काय असतं तुला ठाऊक आहे. तराजू, वजनं, पोती शिवायचा दाभण. मी पदवीधर झाले तेव्हापासून माझी पुस्तकं. यंदा आप्पा स्वतः माळ्यावर चढले, तुझी गिटार उतरवली, पुसली आणि तराजूशेजारी आडवी ठेवली. अव्वाने विचारलं, ही कशाला यात? आप्पा तराजूची साखळी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “त्याचं पोट हाय की त्याच्यावर.”

तू क्लासच्या गिटारवर मुलांना वाजवायला शिकवतोस आणि त्यावर तुझं भागतं, हे मी त्यांना श्रावणात सांगितलं होतं. तेव्हा ते उडीद निवडत राहिले.

मग त्यांनी सगळ्या हत्यारांना लावतात तसं तिलाही ओलं भस्म लावलं, तीन बोटांनी. आरती झाल्यावर कापराची पितळी वाटी वजनांवर टेकवतात तशी तिच्यावर टेकवली. मी रसायनशास्त्र शिकले आहे. गरम पितळ आणि चपडा, काय होणार ते मला त्याच क्षणी कळलं. शब्द तोंडात आला होता. पण आप्पा तुझ्या गिटारपुढे हात जोडून उभे होते. मला ते मोडवलं नाही. नवमीला पुजलेली हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नसतात, म्हणून वाटी आणि भस्म तसंच राहिलं. तेव्हा दोष द्यायचा तर दोघांत वाटून दे.

सकाळी वाटी उचलताना पॉलिशला चिकटून आली. भस्म पुसलं, तर त्याखालची चकाकी गेलेली. आप्पांनी डागावर अंगठा घासला, मग धोतराचा सोगा घासला. मग म्हणाले, “तो म्हनंल, मी मुद्दाम जाळलं.” एवढंच. ऐन आवकीत दुकान सोडून स्पिरिट आणि चपडा आणायला तेच गेले. रोज दुकानातून आले की चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारतात, “गेलं का?” मी म्हणते, जातंय.

आज फक्त तीन पट्टे उरले होते. पॉलिश पेपर फिरवायचा आणि वर एक थर, दुपारभराचं काम. पेपर हातात घेतला, गिटार उजेडात धरली. मधला पट्टा टोकाला जरा वाकडा आहे. शटरमध्ये सापडल्यापासून आप्पांचं मधलं बोट सरळ होत नाही ना, तसा.

मी पेपर ठेवून दिला.

गोल डाग चुकून पडला होता, तो मी घालवला. हे पट्टे त्यांनी तुझ्यासाठी ओढलेत. ते पुसायचे की नाही, हे मी एकटीने ठरवू नये असं वाटलं. समोरून ते दिसत नाहीत. खिडकीपाशी तिरकी धरलीस तरच दिसतील, आणि खिडकीपाशी जायचं तर घरात यावं लागेल. पाहिल्यावर नको म्हणालास तर तिथेच बसून घालवून देईन. पेपर आणि चपडा तयार ठेवते.

त्या दिवशीही आप्पा दुकानातून येतील आणि दारातून विचारतील, गेलं का? मी काही बोलणार नाही. उत्तर तू दे.

तुझी, आणि आप्पांचीही,
महेश्वरी