तिसऱ्या दोराची पेटी

४ फेब्रुवारी

आज नवा माणूस. सेड्रिक ट्रॅन्टर, वय एक्क्याऐंशी. तीन महिन्यांत अकरा वेळा दवाखान्यात! छातीत धडधडतं म्हणे. डॉक्टर फिंचबाईंनी सगळं तपासलं, काही नाही. मग रवानगी माझ्याकडे. गोळ्यांनी बरं होत नाही ते सगळं लिंक वर्करच्या, म्हणजे माझ्या टेबलावर. बागकाम, विणकाम, गाण्याचा गट — कुणाला काय मानवेल ते शोधायचं आणि हाताला धरून तिथवर न्यायचं. सहा भेटी. मग फाइल बंद.

ठरलेला प्रश्न विचारला — तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय?

"चहा," म्हणाले. "आणि तो तुम्ही अजून विचारला नाहीत."

खवट म्हातारा! आवडला मला.

११ फेब्रुवारी

दुसरी भेट त्यांच्या घरी. बायको मेव्हिस चार वर्षांपूर्वी गेली. तिच्याबद्दल चकार शब्द नाही. खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो, आणि यांची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून! खोदून खोदून काढलं तेव्हा कळलं — चाळीस वर्षं तिथे घंटा वाजवायचे. सहा घंटा, सहा माणसं. आता चारच उरलीत. दोन दोर नुसते टांगलेले.

"मग परत का नाही जात?"

"गुडघे."

कसले गुडघे! मला कळत नाही होय? नवरा, आयव्हर, गेल्यापासून मी तरी कुठे गाण्याला जाते? लोकांना मात्र रोज पाठवते. दिव्याखाली अंधार.

१६ फेब्रुवारी

रविवार. मार्मालेडची बरणी वरच्या फळीवरच आहे. आयव्हरनं ठेवलेली. हात पुरत नाही. घरात स्टूल आहे, पण घ्यावंसं वाटत नाही. "थांब गं दीडफुटे, मी काढतो." तेवढं एकदा, एकदाच ऐकायला मिळालं तर!

२७ फेब्रुवारी

घात केला मी.

संध्याकाळी सराव असतो. सेड्रिकना मनोऱ्यावर घेऊन गेले. अरुंद गोल जिना, दर दहा पायऱ्यांवर थांबत, मला शिव्या घालत चढले. वरती गॉर्डन — तो त्यांचा म्होरक्या — ओरडलाच, "आलास का रे बाबा! गंजायला लागल्या ना घंटा!" सेड्रिकनी दोर धरला. हातांना सगळं आठवत होतं. चेहरा असा उजळला त्यांचा! आणि मला, बुटकीला, पुढच्या दोघांच्या पाठींपलीकडे धड दिसेना. तिसऱ्या दोराखाली एक लाकडी पेटी होती. ओढली आणि चढले वर.

एकेक घंटा थांबली. सेड्रिकनी दोर गुंडाळून अडकवला, टोपी घातली, खाली निघून गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, ती मेव्हिसची पेटी," गॉर्डन हळूच म्हणाला. "ठेंगणी होती ती. त्यावर उभी राहून वाजवायची. चार वर्षांत कुणी पाय ठेवला नाही हो त्यावर."

दोन दोर टांगलेले, म्हणाले होते. एक त्यांचा. दुसरा कुणाचा, एवढं मला विचारता आलं नाही!

६ मार्च

आले नाहीत. फोन उचलत नाहीत.

१३ मार्च

आजही नाही. नियम आहे — दोनदा चुकलं की फाइल बंद. फिंचबाई म्हणाल्या, "सकाळी येऊन गेले गं. बारावी खेप. पुन्हा तीच धडधड." म्हणजे माझ्यापायी होते तिथेच परत! आठवडाभर थांबा म्हटलं. "तुला काय एवढं लागलंय त्यांचं, ऑल्वेन?" काय सांगू?

१८ मार्च

त्यांच्या दारात गेले. आत या म्हणाले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच माफी मागितली. मग काय झालं कोण जाणे, बरणीचं सांगून बसले. आयव्हरचं, स्टुलाचं, दीडफुटे म्हणायचा त्याचं, सगळं. आपलं रडगाणं समोरच्याला ऐकवायचं नाही, हा आमच्या प्रशिक्षणातला पहिला धडा! ऐकवलं. नाक पुसायला रुमालही नव्हता.

त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"उंची किती तुमची?"

"चार फूट दहा."

"मेव्हिस पाच फूट होती," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

संपलं. सोमवारी फाइल बंद करायची.

२३ मार्च

रविवार. आज मेव्हिसची फार आठवण आली असेल त्यांना. मी तिच्याहूनही बुटकी निघाले, एवढंच काय ते. चर्चवरून चालत गेले. चारच घंटा. मधल्या दोन जागा रिकाम्या वाजतात, आता मलाही ऐकू येतात त्या.

२४ मार्च

फाइल उघडली, मिटली. उद्या करीन.

२७ मार्च

गॉर्डनचा फोन — वर बोलावलंय. कुणी, ते सांगेना. चढले.

सेड्रिक आपल्या दोरापाशी. पेटी तिसऱ्या दोराखाली, होती तिथेच. तिच्यावर नवी कोरी फळी ठोकलेली. दोन इंच जाड.

"बघत काय बसलीस, पोरी? चढ."