एकट्यानं प्यालेली यंगोना

सुवा, ४ मार्च

चि. सौ. सेराइमा हीस माकेरेताचे अ. आ. आणि थोडा राग. वि. वि.

राग अशासाठी की बरणी पोचली, पत्र नाही. बोटीवरच्या माणसानं सांगितलं, इलिएसानं पाठवली आहे, चमचाभर पूड पाण्यात ढवळायची आणि प्यायची. कुटायला नको, फडक्यातून गाळायला नको. मी त्याला म्हटलं की आमच्याकडे झिंगेची मुळं कुटून-गाळून यंगोना करायला तीन माणसं लागायची, आता चमचा पुरतो, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

मी चाखली. जीभ बधिर झाली, ते ठीक. पण मागून एक हिरवट कडूपणा आला, तो मुळाचा नव्हे. रंगही मातकट नाही, शेवाळल्यासारखा आहे. तो त्यात काय घालतो? मला त्याला विचारता येत नाही. वयात आल्यापासून सख्ख्या भावाशी मी थेट बोललेली नाही, तोही माझ्याशी नाही, आणि आपल्यात तसंच शोभतं. म्हणून तर देवानं मला भावजय दिली आणि तुला माझी बोलणी. तेव्हा तू विचार आणि खरं ते लिही. तुमचा टेलिफोन वादळात पडला तो पडलाच, म्हणून पुढच्या बोटीनं उत्तर हवं.

तुझ्या रताळ्यासारख्या नाकाला नमस्कार. मायेत पाणी घालू नकोस.

माकेरेता

कान्दावू, ११ मार्च

ती. वन्संस, सेराइमाचा शि. सा. न. वि. वि.

नाकाला नावं ठेवता, पण त्याच नाकानं मी तुमच्या बंधुराजांचा उद्योग दिवसभर हुंगते आहे. ओली मुळं खरवडून धुवायची, कुटायची, थोड्या पाण्यात कुस्करून मच्छरदाणीच्या कापडातून पिळायची. तो दाट रस ताटांत पातळ पसरायचा. बंद पडलेला फ्रीज आता वाळवणीचं कपाट झाला आहे. खाली निखारे, पण हाताला सोसेल इतकीच ऊब. जास्त झाली की रस करपतो. ताटात पापुद्रा धरला की खरवडून दळायचा, मलमलीतून चाळायचा, झाली पूड. यंगोनाला परदेशात कावा म्हणतात; तिकडचा एक व्यापारी म्हणतो, हा कावा जितका कराल तितका घेईन.

पण मुळं पुरत नाहीत. वादळानं मोठी झाडं उपटली, उरली ती कोवळी. म्हणून हे खोडाची सालही कुटतात, थोडी पानंही. पूड झाल्यावर कोण ओळखणार, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला लागलेली चव तीच असावी.

आणखी एक. प्रत्येक घाणा चाखून बघावा लागतो, आणि तो ते मागच्या खोपटात एकटेच चाखतात. संध्याकाळी एकट्या माणसाची टाळी ऐकू येते. करवंटी तोंडाला लावण्याआधी टाळी वाजवल्याशिवाय त्यांचा घसा उघडत नाही, दुसरं काही नाही. पण शेजारीण म्हणाली की एकटा पिणारा करणीसाठी कुठल्या सैतानाच्या नावानं पितो ते सगळ्यांना माहीत असतं. मी हसण्यावारी नेलं. हसू काही पुरतं आलं नाही.

तुम्ही तिकडे चष्मा हरवू नका. वाईट बोललात तरी लिहीत जा.

तुमची रताळेनाकी
सेराइमा

सुवा, १९ मार्च

चि. सौ. सेराइमा हीस, आशीर्वाद नेहमीचेच. वि. वि.

या वेळी थट्टा नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की मूळ काथवटीत जातं, खोड पुन्हा मातीत लावायचं असतं आणि पानं कुणी तोंडात घालत नाही. वाडवडील काही सालीची उधळपट्टी करत नव्हते. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्यांनी पहिला प्रश्न केला की तो माणूस रोज किती पितो. पूड झाल्यावर कोण ओळखणार म्हणतो ना? त्याला सांग, यकृत ओळखतं.

साल बंद. पानं बंद. चाखणं बंद. आणि चाखायचीच असेल तर चार माणसं चटईवर बोलावून. एकटा पिणाऱ्याकडे आपली माणसं कशी बघतात ते मी तुला शिकवायला नको. लोक आधी कुजबुजतात, मग येणं सोडतात. माझ्या नावानं सांग. बहिणीचा निरोप आहे म्हणावं.

माया आहे, म्हणूनच आवाज चढला.

माकेरेता

कान्दावू, २ एप्रिल

ती. वन्संस, सा. न. वि. वि.

निरोप सांगितला. ऐकून घेतला, मान खाली घालून, तुमचा म्हणून. मग म्हणाले की ताईला कॉलेज मिळालं, मला जमीन मिळाली. एवढी मागणी पुरी होऊ दे, मग सोडतो.

अंगावर खवले आले आहेत. पिणाऱ्यांना येतातच आणि त्याची त्यांना ऐटही असते, म्हणून मी बोलले नाही. पण वन्सं, डोळे पिवळे झालेत. तेही यंगोनामुळंच म्हणतात. लघवी काळ्या चहासारखी होते. तारोच्या कंदाचा घास दाखवला तरी तोंड फिरवतात.

दवाखान्याची बोट सोमवारी येऊन गेली. ह्यांनी मला किनाऱ्यावर जाऊ दिलं नाही. आजारी आहे हे कळलं तर लोक म्हणतील, ज्याला पाजत होता त्यानंच धरलं. तसं ते म्हणायला लागलेच आहेत. पाळक आले, दारातूनच प्रार्थना म्हणाले आणि गेले. चटईवर बसले नाहीत. आमच्या घरावरून जाताना बायका लेकरांची तोंडं पलीकडे फिरवतात.

काय करू ते लवकर कळवा. तुमच्या रागावरच भिस्त आहे.

सेराइमा

सुवा, ९ एप्रिल

सेराइमास, वि. वि.

हे पत्र आणणारा माझा वाइसेआच आहे. बंदरावरून रजा काढून पाठवला आहे. तो तुमच्या घराचा भाचा. भाच्यानं मामाच्या घरातलं हवं ते उचलावं आणि मामानं हूं की चूं करू नये, ही रीत तुला चांगली आठवत असेल; त्यानं तुझं डुक्कर नेलं तेव्हा तू मला चार पानं शिव्या लिहिल्या होत्यास. आता त्याला हवं ते नेऊ दे. पूड, चाळणी, ताटं, ते कपाट, सगळं. आणि त्याच बोटीनं इलिएसाला घेऊन दोघं सुव्याला या. इस्पितळात खाट सांगून ठेवली आहे.

कपड्यांची गाठोडी बांधत बसू नकोस.

माकेरेता

कान्दावू, १४ एप्रिल

वन्सं,

मायना लिहायला वेळ नाही. वाइसेआनं सगळं नेलं. डबे समुद्रात रिकामे केले, फ्रीज खडकावर फोडला. मामा भिंतीला टेकून हसत होते, रीत म्हणून. मग त्यानं बोटीवर चला म्हटलं. तेव्हा म्हणाले की भाच्याला घरातली वस्तू नेता येते, घरधनी नेता येत नाही. बोट निघून गेली.

रात्रीत तब्येत अगदी खालावली. आता उभंच राहवत नाही. आम्हा दोघांना ते उचलत नाहीत. वाइसेआ घरोघर फिरला. सगळीकडे उत्तर एकच, पुरुष मळ्यात गेलेत. काल रविवार होता, वन्सं. रविवारी आमच्याकडे कोण मळ्यात जातं?

ते मला सासूबाईंच्या नावानं हाक मारतात. हात पुढे केले की पंखासारखे फडफडतात. मघाशी रिकाम्या हातात करवंटी धरावी तसं धरून टाळी वाजवली. समोर बघत होते. समोर कुणी नव्हतं.

मासेमारीची होडी निघते आहे, तिच्याबरोबर हे देते. तुम्ही या.

सेराइमा

सुवा बंदर, १६ एप्रिल

इलिएसा,

तुला लिहायचा मायना मला ठाऊक नाही. आजवर गरज पडली नव्हती.

हे पत्र मी टपालात टाकत नाही, बरोबर घेऊन येते आहे. तुला वाचवत नसेल तर तुझ्यासमोर बसून मोठ्यानं वाचीन, सगळ्या गावादेखत. बहिणीनं भावाशी बोलू नये, ही रीत मी मोडते आहे. पण तीच रीत म्हणते की बहिणीनं मागितलेलं भावानं नाकारू नये. वाइसेआला जे नेता आलं नाही ते मला नेता येतं. मी तुला मागते आहे.

माझ्याबरोबर वाळलेल्या मुळांची जुडी आहे. ती मी तुझ्या दारात सगळ्यांसमोर कुटणार, काथवट तुझ्याच चटईवर मांडणार आणि पाळकांपासून शेजाऱ्यापर्यंत एकेकाला नावानं बोलावणार. तू एक थेंब घ्यायचा नाहीस. ते पितील, तुझ्या घरात, तुझ्याकडे बघत. आणि प्यायलेल्या प्रत्येकानं मग तुला खांदा द्यायचा आहे. तो कुठवर, हे अजून तुझ्या हातात आहे. मला बोटीपर्यंतचा हवा आहे.

लोभ-माया मागाहून. आधी डोळे उघड आणि माझ्याकडे बघ. मी बोलते आहे.

तुझी बहीण
माकेरेता